पाणीपट्टीत रान राखणाऱ्याचा वाटा का नको?

काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइनने शहरात आलं ती २०२३ ची दिवाळी कोल्हापुरात कुणी विसरणार नाही, आणि आनंद व्हायलाच पाहिजे होता, कारण बालिंगा आणि शिंगणापूरच्या उपशावर जगणाऱ्या या शहरात महापूर आला की पंपच बुडायचे, सगळीकडं पाणी आणि नळ कोरडा अशी अवस्था २०१९ ला बघितली, २०२१ ला परत बघितली. थेट पाइपलाइन साधारण ५३ किलोमीटरची, मूळ योजना ४८८ कोटींच्या आसपासची. त्यात पाइपचा हिशोब आहे, पंपाचा आहे, विजेचा आहे, पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राचा आहे. ज्या डोंगरावरनं ते पाणी धरणात उतरतं त्या डोंगराचा, तिथल्या रानाचा आणि ते रान अजून न तोडता ठेवलेल्या माणसांचा मात्र पाणीपट्टीत एक रुपया नाही.

तो असला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तो सरकारी तिजोरीत जमा न होता थेट त्या गावांपर्यंत गेला पाहिजे. पोस्ट मोठी आहे, पण निवांत वाचा, कारण हा विषय आपण दरवेळी "झाडं लावा झाडं जगवा" एवढ्यावरच संपवतो.

आधी भूगोल बघूया. राधानगरी धरण ८.३६ टीएमसीचं, काळम्मावाडी २५.३९ टीएमसीचं, आणि दोन्हींच्या वरच्या अंगाला पसरलंय राधानगरी अभयारण्य. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं, १९८५ ला ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटर केलं, २०१२ ला पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं. त्याआधी हे संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं म्हणून तर ते टिकलं. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं ते याच रानाच्या तोंडाशी. म्हणजे आपला ऊस, आपल्या आंघोळी, गोकुळ शिरगावचे कारखाने, सगळं या दाट रानाच्या पाण्यावर चाललंय. पावसाळ्यात आपण सगळे राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे कधी उघडले, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली का, ४३ फुटांच्या धोका पातळीला गेली का, हे मोबाईलवर तासातासाला बघतो. धरणाच्या वर काय चाललंय ते मात्र वर्षभर कुणी विचारत नाही.

जंगल असतं तर महापूर आलाच नसता असं मी म्हणणार नाही. २०१९ सारखा पाऊस आठवडाभर कोसळला की कुठलंही जंगल पुरं पडत नाही. रानाचं खरं काम दिसतं ते फाल्गुन-चैत्रात, ओढा आटतो की वाहता राहतो त्यात. आणि दुसरं काम गाळाचं. डोंगर उघडा झाला की माती धरणात येऊन बसते, आणि एकदा गाळाने भरलेली जागा परत मिळवायला किती पैसे लागतात ते पाटबंधारेवाल्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा.

आता पैशाचं बोलू. आपल्या देशात जंगलाची किंमत काढायची पद्धत आहे, नाही असं नाही. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार जंगलाची जमीन रस्त्याला, खाणीला, धरणाला द्यायची असेल तर 'नेट प्रेझेंट व्हॅल्यू' म्हणून, म्हणजे त्या जंगलापासून पुढं मिळणाऱ्या फायद्यांची आजची किंमत म्हणून, पैसे भरावे लागतात. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे लावून धरलं, अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रांच्या समितीने पद्धत सुचवली, २००८ ला कोर्टाने हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख असे दर ठरवून दिले, आणि २०२२ ला केंद्र सरकारने ते वाढवून ९.५७ लाख ते १५.९५ लाख केले. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, म्हणजे सगळ्यात दाट, सगळ्यात भारी जंगलाचा दर झाला गुंठ्याला सोळा हजार. शहराजवळ एन.ए. झालेला एक गुंठा कितीला जातो ते तुम्हाला माहिती आहे. अभयारण्यात हा दर पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानात दहापट लागतो हे खरं, तरी अभयारण्यातलं रान गुंठ्याला ऐंशी हजारच झालं, आणि हे सगळं एकदाच भरायचं, पुढं पिढ्यान्‌पिढ्या काही नाही.

पण मला दर कमी आहे याच्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. ही किंमत लागते कधी? तर जंगल जाणार असेल तेव्हाच. उभं असताना त्याला काही किंमत नाही. आणि ते पैसे जातात कुठं तर 'कॅम्पा' फंडात, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायच्या निधीत, २०१६ च्या कायद्याप्रमाणे ९० टक्के राज्याच्या खात्यात आणि १० टक्के केंद्राच्या. त्यातून कुठंतरी दुसरीकडं रोपं लावतात. ज्या गावाचा ओढा गेला त्या गावाच्या हातात यातलं काय पडतं? आणि जे गाव आपलं रान राखून बसलंय त्याचा तर या कायद्यात कुठं प्रश्नच येत नाही.

हेच खाणीचं. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर बॉक्साइट निघालं, चंदगड-शाहूवाडीकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारांवर पण आहे. हे सडे वरनं काळे, उजाड वाटतात, पावसाळ्याचे चार महिने फुलं सोडली तर तिथं बघायला काय आहे असं लोक म्हणतात, पण तो जांभा दगड पाणी धरतो आणि खालच्या वाडीचा झरा त्याच्यावर चालतो. बॉक्साइट टनावर मोजता येतं म्हणून त्याची रॉयल्टी ठरते, झऱ्याला मीटर नाही म्हणून त्याचं मोल शून्य. २०१५ पासून खाणवाल्यांना रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते, खाणीमुळं बाधित झालेल्या गावांसाठी. चांगला कायदा आहे. पण सडा फोडू दिला तर गावाला निधी आणि सडा तसाच ठेवला तर काही नाही, हा सरळ हिशोब गावच्या पोराला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?

माझ्या आईचं माहेर राधानगरी तालुक्यातलं, अभयारण्याला लागून. मामाची खाली भाताची खाचरं, थोडा ऊस, आणि वर डोंगराला मालकी रान. पूर्वी वरच्या बाजूला नाचणी आणि वरी असायची, आता ती जागा पड आहे कारण गव्यांपुढं काही राहत नाही. मामा म्हणतो, "आरं, एकटा-दुकटा येतोय व्हय? पंधरा-वीस येत्यात, खात्यात कमी आणि तुडवून जास्त घालवत्यात." सुगीच्या दिवसात रात्रभर माळ्यावर बॅटरी घेऊन राखण, सकाळी परत रानात काम. गवा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एक मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी, त्याला हात लावायचा प्रश्नच नाही, आणि मामालाही तो मरावा असं वाटत नाही, लहानपणापासून बघत आलाय. पण त्या राखणीच्या रात्रींची मजुरी कुणाच्याच हिशोबात येत नाही. नुकसानभरपाई मिळते ती पंचनाम्यात जेवढं पीक दिसलं तेवढ्याची, त्याला सातबारा लागतो, सातबारा सामाईक असतो, भाऊ मुंबईला, चुलतभाऊ पुण्याला, त्यांची संमती आणायची, एवढं करून हातात येणार काय तर खताच्या दोन पोत्यांचे पैसे, मग माणूस अर्जच करत नाही. आणि अर्ज झाला नाही म्हणजे कागदावर नुकसानही झालं नाही. पीकच घेणं सोडून दिलं, तो तोटा तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. आजरा-चंदगडला २००० नंतर कर्नाटकातनं हत्ती यायला लागले, तिथल्या लोकांचं तर याहून अवघड. माणूस गेला तर सरकार आता २५ लाख देतं, ते दिलेच पाहिजेत, पण माणूस जिवंत असताना दर हंगामाला जे थोडं थोडं जातं त्याचं काय?

आपण शहरातले लोक सुट्टीत दाजीपूरला जातो, गवा दिसला की फोटो टाकतो. त्या गव्याचा चारा-पाण्याचा खर्च कोण करतंय? अभयारण्याच्या कडेचा शेतकरी करतोय, तोही गरीब. आणि पाणी वापरतोय आपण, शहरवाले आणि बागायतदार, जे त्याच्यापेक्षा बरे आहोत. गरिबाने श्रीमंताला दर महिन्याला मदत करायची अशी ही व्यवस्था आहे आणि ती आपल्याला इतकी सवयीची झालीय की दिसतच नाही.

मग तो कडेचा शेतकरी एक दिवस काय करतो? वर मालकी रान असतं, राखीव नाही, त्याच्याच नावावर. दलाल येतो, तोडीचा परवाना मी बघतो म्हणतो, सगळं रान एका रकमेला घेतो. किंजळ, ऐन, जांभूळ, हिरडा सगळं एका झटक्यात इंधनाला आणि वीटभट्टीला. वीस-पंचवीस वर्षं वाढलेलं रान, आणि हातात जे येतं त्यात मुलीचं लग्न पण नीट होत नाही. नंतर तिथं काजू लागतो किंवा सरळ जमीनच विकली जाते, बाहेरचा माणूस घेतो, जेसीबी लावून सपाट करतो, कंपाउंड घालतो. मी त्या शेतकऱ्याला दोष देत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर पाच वर्षं आधीच विकलं असतं.

काहीजण म्हणतील, निसर्गाला पैशात मोजायचं नाही, ते पाप आहे, आपल्या पूर्वजांनी देवराया राखल्या त्या काय पैशासाठी राखल्या का? मला या म्हणण्याबद्दल आदर आहे. देवराईत आजही काडी उचलायला माणूस कचरतो. पण देवराई टिकली ती भीतीबरोबर गावाच्या नियमामुळं आणि गावाच्या हक्कामुळं, आणि ती एवढीशी, बाकीचं रान गावाच्या पोटासाठी मोकळं होतं. आज पूर्ण डोंगर देवराईसारखा राखा असं सांगायचं आणि पोटाचं काय ते सांगायचं नाही, हे चालणार नाही. उलट बाजूचीही भीती मला आहे, एकदा भाव लावला की जास्त भाव देणारा येणार. म्हणून तर मी विकायच्या किमतीबद्दल बोलतच नाही. मी बोलतोय ते दर वर्षाच्या मोबदल्याबद्दल, जो रान उभं असेल तरच मिळतो.

आणि हे जगात कुठं झालंच नाही असं नाही. न्यूयॉर्क शहराने १९९७ ला आपलं पाणी जिथनं येतं त्या कॅट्सकिलच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांशी आणि गावांशी करार केला, कारण शुद्धीकरणाचा नवा प्रकल्प ६ ते ८ अब्ज डॉलरला जात होता आणि त्याच्या कितीतरी कमी पैशात वरचं रान आणि शेती नीट ठेवता येत होती. कोस्टा रिका हा छोटा देश १९९७ पासून पेट्रोल-डिझेलवरच्या करातून जमीनमालकांना हेक्टरी पैसे देतो, जंगल ठेवल्याबद्दल. लांब कशाला, आपल्या शेजारी संगमेश्वर तालुक्यात मालकी रान न तोडण्याचे करार गावकऱ्यांशी करून त्याचा मोबदला दिला गेलाय. आपला वित्त आयोग पण हे मानतो. चौदाव्या आयोगाने राज्यांना वाटा देताना जंगलाला साडेसात टक्के वजन दिलं, पंधराव्याने दहा टक्के केलं. म्हणजे जंगल ठेवलं म्हणून दिल्ली मुंबईला पैसे देते. मुंबईपासून राधानगरीच्या वाडीपर्यंत ते का येत नाहीत?

आता कोल्हापूरचा हिशोब करतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर दिवसाला साधारण ७ कोटी ४० लाख लिटर. हजार लिटरमागं एक रुपया जास्त घेतला तर दिवसाला ७४ हजार आणि वर्षाला २ कोटी ७० लाख. पाच माणसांच्या घराला महिन्याला वीस रुपये पडतात, चहाच्या दोन कपांचे. या पैशातनं मालकी रानाला हेक्टरी वर्षाला दहा हजार द्यायचे म्हटले तर २,७०० हेक्टर म्हणजे २७ चौरस किलोमीटर रान उभं राहतं. आणि यात अजून साखर कारखाने धरले नाहीत. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने टनामागं दोन रुपये बाजूला काढले तर वीस लाख होतात, ते पण शेतकऱ्याच्या एफआरपीतनं, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरातनं न कापता.

पैसे ग्रामसभेच्या खात्यात, यादी ग्रामसभेत वाचून, दहा वर्षांचा करार, आणि दरवर्षी उपग्रहाच्या फोटोवर तपासणी. रान तुटलं की पैसे बंद. यातला काही भाग गव्यांच्या राखणीच्या मजुरीला ठेवायचा, पंचनामा न करता, अभयारण्यापासनं किती अंतरावर शेत आहे एवढ्यावर. गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड, आजरा-भुदरगड, चंदगड हे सगळे पट्टे संवर्धन राखीव म्हणून कागदावर आलेच आहेत, त्यांच्या कडेच्या गावांपासनं सुरू करता येईल.

हेक्टरी दहा हजार हा माझा अंदाज आहे आणि तो दर राधानगरी, भुदरगड, आजरा, शाहूवाडीतल्या माणसांनी ठरवायला पाहिजे. म्हणून तिकडच्या मित्रांना विनंती, तुमच्या गावात दलाल उभ्या रानाला एकरी किती देतोय आणि किती वर्षांनी परत तोडायला येतो, तेवढं लिहा. गावाचं नाव लिहिलं नाही तरी चालेल, तालुका लिहा. आकडे जमले की पाणीपट्टीच्या दराची चर्चा होईल तेव्हा ते घेऊन आपण महापालिकेत जाऊ.