आपद्ग्रस्तांसाठी गाण्याचा कार्यक्रम कसा करावा

पाणी ओसरण्याची वाट पाहू नये. लोकांच्या घरात अजून चिखल असतानाच सभागृहाची तारीख पक्की करावी, कारण महिनाभराने श्रोत्यांना कोणता पूर हे आठवत नाही आणि प्रायोजकांना तर आठवडाभरानेही आठवत नाही. दोन महिन्यांपूर्वी पूरग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या एका संगीत रजनीला मी रीतसर तिकीट काढून गेलो होतो. तेव्हापासून या विषयात माझा बराच अभ्यास झाला असून तो आपल्यासारख्या होतकरू आयोजकांच्या कामी यावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

फलकावर सर्वांत मोठे छायाचित्र गायकाचे असावे, त्याखाली प्रायोजकांची बोधचिन्हे यावीत आणि जागा उरलीच तर पूरग्रस्तांचा उल्लेख करावा.

पुढच्या चार रांगा मानार्थ प्रवेशिकांसाठी राखून ठेवाव्यात. ज्यांना तिकीट सहज परवडते त्यांना ते फुकट दिल्याशिवाय कार्यक्रमाला वजन येत नाही.

भाषणे गाण्याच्या आधी ठेवावीत, म्हणजे श्रोते हातचे जात नाहीत. मृतांसाठी मौनही अवश्य पाळावे. आम्ही एक मिनिटासाठी उभे राहिलो होतो, परंतु विसाव्या सेकंदाला मागच्या पडद्यावर प्रायोजकाची जाहिरात सुरू झाली आणि आम्ही खाली बसलो.

हिशेबाच्या बाबतीत मात्र विशेष दक्षता घ्यावी, म्हणजे तो ठेवूच नये. पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, आधी चक्रीवादळाने आणि मग युद्धाने देशोधडीला लागलेल्या बांगलादेशी निर्वासितांसाठी एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. तिकीटविक्रीचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळालेही. पण करसवलतीची कागदपत्रे वेळेवर केलेली नसल्यामुळे ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीतून आलेले लाखो डॉलर अमेरिकेच्या करखात्याच्या कचाट्यात वर्षानुवर्षे अडकून पडले. हेतू स्वच्छ असूनही कागदात चुकले की असे होते. आपण कागदच ठेवला नाही, तर चूक सापडणार कुठे?

आमच्या आयोजकांना हे मर्म नेमके कळले होते. दारावर तिकिटांची मोजदाद चालू असतानाच रंगमंचावर पुठ्ठ्याचा पुरुषभर लांबीचा धनादेश आला, आणि त्यावर आकडा आधीच छापलेला होता. तो धरायला सहा पाहुणे लागले. मध्यंतरात मी जवळ जाऊन पाहिले, तर तारखेची जागा कोरी होती आणि ज्याच्या नावे पैसे द्यायचे त्या ओळीत फक्त ‘पूरग्रस्त’ असे लिहिले होते. या नावाचे खाते कोणत्या बँकेत आहे, हे विचारायला मी आठवड्याने गेलो, तेव्हा लेखापरीक्षण चालू असल्याचे कळले. तीन आठवड्यांनी गेलो, तेव्हा खर्च वजा जाता थोडीच रक्कम उरते, असे कळले. खर्च कसला? गायकाने तर मानधन घेतले नसल्याचे टाळ्यांच्या गजरात सांगितले होते! मग दिव्यांचा, पडद्याचा, वादकांच्या प्रवासाचा, पाहुण्यांच्या निवासाचा, आणि (हे मला खरोखर सांगण्यात आले) त्या पुठ्ठ्याच्या धनादेशाचा. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा ‘एवढ्या पुण्याच्या कामात पैशांचे काय काढता?’ असे मलाच सुनावण्यात आले.

पैशांचेच काढणार! पैशांसाठीच तर तो कार्यक्रम होता. गाणेच ऐकायचे असते तर ते मी घरी बसून ऐकले असते. ज्यांची घरे वाहून गेली त्यांचे दुःख दाखवून तुम्ही तिकिटे विकलीत, त्यांच्या नावावर स्वतःचे सत्कार करून घेतलेत, आणि आता त्यांच्या वाट्याला काय गेले हे विचारणारा माणूस तुम्हाला खडूस वाटतो? जमा किती, खर्च किती, कोणाला किती दिले आणि कोणत्या तारखेला, या चार ओळी लिहायला दोन महिने पुरत नाहीत. फलक मात्र तीन दिवसांत छापून लागले होते.

काल याच मंडळींकडून नव्या कार्यक्रमाचे निमंत्रण आले आहे, या खेपेला भूकंपग्रस्तांसाठी. तिकीट मी घेणार नाही. आधी पुराचा हिशेब द्या.