एकाच फंक्शनची कोरुटिन्स सुटी सुटी थांबवता येतात

युनिटी या गेम-इंजिनात गेम करायला शिकणाऱ्यांमध्ये कोरुटिन्सबद्दल (कोरुटिन म्हणजे मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणारं काम) एक सल्ला फार फिरतो: "एका फंक्शनवरून चार कोरुटिन्स सुरू केलीत, तर त्यातलं एकच थांबवता येत नाही. चारही थांबतात. म्हणून फंक्शनच्या वेगळ्या प्रती करा, नाहीतर बूलियन (खरा-खोटा सांगणारा) फ्लॅग लावा." या सल्ल्यापायी मुलांच्या स्क्रिप्टमध्ये शत्रूला विष चढवणारी विष१, विष२, विष३ अशी हुबेहूब फंक्शन्स मी पाहिली आहेत. विषाचा फटका सेकंदाला ५ वरून ४ करायचा झाला की तीन ठिकाणी हात घालावा लागतो, आणि एक ठिकाण हमखास राहून जातं. नव्याने शिकणाऱ्याला अशी सवय लागलेली पाहून वाईट वाटतं, कारण त्याची गरजच नसते.

मूळ चूक "फंक्शन एक म्हणून कोरुटिन एक" असं मानण्यात आहे. युनिटीच्या सी शार्प भाषेत यील्ड (इथे थांब, असं सांगणारा शब्द) असलेलं असं फंक्शन बोलावलं की त्यातली एकही ओळ लगेच चालत नाही. हातात येतो तो एक नवा ऑब्जेक्ट. आपण कुठल्या यील्डवर थांबलो आहोत आणि आतल्या व्हेरिएबल्सच्या किमती काय आहेत, हे सगळं तो स्वतःजवळ ठेवतो. चार वेळा बोलावलं तर असे चार ऑब्जेक्ट तयार होतात. गणपतीत आरती एकच असते, पण एका घरात पहिलं कडवं चालू असतं तेव्हा शेजारी तिसरं चालू असतं. एका घरातली आरती थांबली म्हणून शेजारची थांबत नाही.

"पण मी करून पाहिलं, सगळीच थांबली," असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. त्यांनी स्टार्टकोरुटिन आणि स्टॉपकोरुटिन या दोन्हींना फंक्शनचं नाव अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून दिलेलं असतं. त्या प्रकारात युनिटी त्या कंपोनंटवर (गेममधल्या वस्तूला जोडलेल्या स्क्रिप्टवर) त्या नावाने सुरू झालेली सगळी कोरुटिन्स थांबवते. तिचं काम तेच आहे. मात्र थांबवण्याच्या तीन प्रकारांपैकी हा एक झाला, आणि त्यावरून बाकीच्या दोघांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरा पुरावा याच्या उलटा असतो: "नाव न देता फंक्शन बोलावून दिलं, तर एकही थांबत नाही." हेही खरं आहे. स्टॉपकोरुटिनच्या कंसात विष() लिहिलं की तिथे पाचवा, कोरा ऑब्जेक्ट जन्माला येतो आणि युनिटीला तोच थांबवायला सांगितला जातो. तो कधी सुरूच झालेला नसतो. एरर येत नाही, म्हणून माणूस तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतो.

उपाय अगदी साधा आहे. स्टार्टकोरुटिन एक कोरुटिन ऑब्जेक्ट परत देते. बहुतेक जण तो सोडून देतात. तो व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि थांबवताना तोच द्यायचा. शत्रू बरेच असतील तर डिक्शनरी वापरावी: की म्हणून शत्रू, व्हॅल्यू म्हणून त्याचं कोरुटिन. उतारा ज्याला मिळाला त्याचंच विष उतरतं. एक पथ्य आहे: ज्या कंपोनंटने सुरू केलं, त्याच्याकडूनच थांबवायचं.

फ्लॅगच्या सल्ल्यावर जरा थांबतो, कारण त्याचं नुकसान उशिरा कळतं. समजा विषाचं लूप "फ्लॅग खरा असेपर्यंत" चालतं आणि मध्ये दोन सेकंदांचं वेटफॉरसेकंड्स आहे. खेळाडूने उतारा दिला, फ्लॅग खोटा झाला. अर्ध्या सेकंदात त्याच शत्रूला पुन्हा बाण लागला, फ्लॅग परत खरा झाला आणि नवं कोरुटिन सुरू झालं. जुनं अजून झोपेतच होतं. ते जागं होतं, फ्लॅग खरा पाहतं आणि कामाला लागतं. आता एका शत्रूवर दोन विषं चालू आहेत. चाचणीत सावकाश क्लिक करणाऱ्याला हा बग दिसत नाही, भराभर खेळणाऱ्याला दिसतो. कोरुटिन तात्पुरतं रोखून ठेवायचं असेल, तर फ्लॅग जरूर वापरावा. थांबवून नव्याने सुरू करण्यासाठी मात्र तो अपुरा आहे.

"हँडल ठेवूनही गोंधळ होतोच," या आक्षेपात तथ्य आहे. (हँडल म्हणजे स्टार्टकोरुटिनने परत दिलेला तो ऑब्जेक्ट.) कोरुटिन संपलं तरी आपलं व्हेरिएबल आपोआप नल (रिकामं) होत नाही, त्यामुळे "नल नाही म्हणजे चालू आहे" हा तर्क फसतो. जुनं न थांबवता त्याच व्हेरिएबलमध्ये नवं भरलं, तर जुन्याचा पत्ता हरवतो आणि ते चालूच राहतं. कोरुटिनने आतून स्टार्टकोरुटिनने दुसरं सुरू केलं असेल, तर बाहेरचं थांबवल्याने आतलं थांबत नाही. त्याचंही हँडल ठेवावं लागतं.

शेवटची अडचण मालकीची. गेमऑब्जेक्ट निष्क्रिय केला की त्याच्यावरची कोरुटिन्स थांबतात, नुसता कंपोनंट बंद केल्याने थांबत नाहीत. पण विष मॅनेजरने, म्हणजे सगळे शत्रू सांभाळणाऱ्या वेगळ्या स्क्रिप्टने, सुरू केलं असेल, तर ते मॅनेजरवर चालतं, शत्रूवर नाही. शत्रू मेला, निष्क्रिय होऊन पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या ऑब्जेक्ट्सच्या साठ्यात) परत गेला, तरी त्याचं विष चालूच असतं, आणि तोच ऑब्जेक्ट पुढच्या लाटेत बाहेर येताना आधीच विषबाधित निघतो. म्हणून शत्रू पूलमध्ये परत करण्याआधी डिक्शनरीतून त्याचं कोरुटिन काढा, थांबवा आणि ती नोंद पुसून टाका.