मंगळावर पोहोचणे आणि मंगळावर राहणे

सप्रेम नमस्कार,

मंगळावरील वस्तीविषयी मी घेतलेल्या शंकांवर आपले दोन आक्षेप आहेत. शिडाच्या जहाजांतून महासागर ओलांडणाऱ्यांनी असाच विचार केला असता तर कोणी किनारा सोडला नसता, हा पहिला. आणि रॉकेटचा खर्च उतरत असल्यामुळे बाकीचे प्रश्न निव्वळ अभियांत्रिकीचे उरले आहेत, हा दुसरा.

जहाजांचा दाखला मला इथे लागू पडेलसा वाटत नाही. ते दर्यावर्दी जिथे उतरले तिथे हवा होती, गोडे पाणी होते आणि बहुतेक ठिकाणी आधीपासून माणसेही राहत होती (हे आपण सोयीस्करपणे विसरतो). मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन मिळवता येतो, हे आपले म्हणणे मान्य. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स या रोव्हरवरील (चाकांच्या यंत्रवाहनावरील) मॉक्सी या उपकरणाने 2021 ते 2023 या काळात मिळून 122 ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. एका माणसाला दिवसाला त्याच्या सुमारे सातपट लागतो, पण मोठे यंत्र बांधता येईल. खरी अडचण बंदिस्त जागेतले चक्र वर्षानुवर्षे चालू ठेवण्यात आहे. ॲरिझोनातील ‘बायोस्फिअर 2’ या काचेच्या बंदिस्त वास्तूत 1991 मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले आणि सुमारे सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास घसरला. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो झाडांच्या वाट्याला येण्याआधीच बराचसा काँक्रीटमध्ये मुरत होता. अखेर बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मंगळावर अशी वेळ आली तर पृथ्वीवरून यान पाठवण्याची सोयीची संधी साधारण 26 महिन्यांनी एकदाच येते.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन, की नेमके काय बांधायचे हे ठाऊक असेल तरच प्रश्न अभियांत्रिकीचा ठरतो. पृथ्वीचे गुरुत्व आणि अंतराळस्थानकातील जवळपास भारहीन अवस्था, या दोन टोकांवर माणसाचे शरीर कसे वागते हे आपल्याला कळले आहे. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या 38 टक्के आहे. तेवढ्यात गर्भ नीट वाढेल का, मुलांची हाडे पुरेशी भरतील का, याची कसलीच माहिती हाती नाही. कमी गुरुत्वात उंदीर ठेवण्याचे प्रयोग स्थानकात झाले आहेत, पण ते काही आठवड्यांचेच. फिरत्या कक्षात 38 टक्के गुरुत्व निर्माण करून सस्तन प्राण्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढवून पाहणे हा प्रयोग मला रॉकेटच्या खर्चापेक्षा अधिक निकडीचा वाटतो, आणि त्यासाठी मंगळापर्यंत जावेही लागत नाही.