पाळकानं एसटीत पुस्तक काढू नये

एसटीत मोबाईल बघत बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, पण पुस्तक काढलं की शेजारच्याला वाटतं, या बिचाऱ्याला बोलायला कोणी मिळालेलं दिसत नाही. त्यात गळ्यात पांढरी कॉलर असेल तर मग संपलंच.

मी नगर जिल्ह्यात पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, आहे. (अहिल्यानगर म्हणायला हवं, तोंडाला अजून सवय नाही.) मंडळ्या, म्हणजे चर्चची माणसं, वेगवेगळ्या गावांत, सकाळची उपासना एकीकडे, दुपारची दुसरीकडे, मधे कोणाच्या नव्या घरात प्रार्थना, कोणी दवाखान्यात, आणि घरी जरा पुस्तक घेऊन बसावं तर दारात "सलाम पाळकसाहेब!" म्हणत कोणीतरी उभं. त्यामुळे वाचन होईल तर एसटीतच, खिडकीपाशी, असा माझा साधा हिशोब होता.

आधी मला वाटलं पुस्तकाचं नाव दिसतं म्हणून लोक विचारतात. मग शाळेच्या वह्यांना घालतात तसं खाकी कव्हर घातलं. पहिल्याच दिवशी शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, एमपीएससी का?" माझं वय पन्नाशीच्या पुढे. त्यानं माझ्या केसांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "वयाची अट बघितली ना पण?"

कॉलर असली की हमखास येणारा प्रश्न म्हणजे "फादर, तुमच्यात लग्न चालत नाही ना?" मी सांगतो की फादर म्हणजे कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात चालतं, आमच्यात पाळकाला बायको असते, मुलं असतात, होमलोनही असतं. एकदा हे समजावतानाच फोन वाजला आणि स्पीकर चुकून चालू, "येताना कोथिंबीर आणा आणि मागच्यासारखी पिवळी नको." शेजारच्या गृहस्थांनी पुढचा सगळा रस्ता माझ्याकडे संशयानं बघितलं. प्रोटेस्टंट वगैरे हा बहाणा आहे, प्रकरण वेगळंच आहे असं त्यांचं मत झालं असणार.

मग प्रार्थनेच्या ऑर्डरी. बोअरला पाणी लागू दे, पोराचं जमू दे, जावयाची सुटू दे. कांद्याचं तर विचारू नका. घोडेगावच्या बाजाराला कांदा घेऊन निघालेले शेतकरी म्हणतात, पास्टर, भाव चढू दे म्हणून प्रार्थना करा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मंडळीतली एखादी ताई म्हणते, कांदा परवडत नाही हो, भाव उतरू दे म्हणा. मी दोन्हीकडे "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून मोकळा होतो. सेमिनरीत ग्रीक शिकवलं, हिब्रू शिकवलं, कांद्याचं काय करायचं ते कोणी शिकवलं नाही.

एकदा राहुरीला एक आजी चढल्या, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. मी बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक काढलेलं. "पोथी का रं बाबा? मग मनात काय वाचतो, मोठ्यानं वाच की, मला बी ऐकू दे." वाचलं. डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल असं विचारणारं एकशे एकविसावं स्तोत्र. आजी डोळे मिटून ऐकत होत्या, संपल्यावर म्हणाल्या, "आमच्या तुकोबाचंच हाय हे. पुढचं वाच." मला एकदम ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आठवले, त्यांचं घर काही वर्षं राहुरीतच होतं, आणि आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणायचे. आजींनी तो सेतू उलट्या बाजूनं आणि फुल तिकिटाशिवाय ओलांडला होता. तिसऱ्या स्तोत्राला मागच्या सीटवरून "महाराज, जरा जोरात" असा आवाज आला, चौथ्याला आजी माझ्या खांद्यावर झोपल्या आणि उजवा हात अडकल्यामुळे पुढची पानं उलटता येईनात. तेवढी दोन पानं मला आता पाठ आहेत.

बरं, तक्रार करायची तर कुठल्या तोंडानं करायची! बायबल उघडा, प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. आफ्रिकेतल्या कूश देशाचा षंढ, राणीचा मोठा अधिकारी, यरुशलेमहून घरी निघालाय, रथात बसून यशयाचं पुस्तक वाचतोय. स्वतःचा रथ, म्हणजे शेजारी सीटच नाही, इतकी आदर्श परिस्थिती मला जन्मात मिळायची नाही. तरी येशूची सुवार्ता सांगणारा फिलिप्प पळत पळत रथ गाठतो आणि विचारतो काय, तर वाचताय ते समजतंय का? आमच्या कामाची सुरुवातच अशी, गाडीत वाचणाऱ्या माणसाला डिस्टर्ब करून.

टिळकांचंही तेच. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते, डब्यात एक गोरा साहेब भेटला, कवितेवरून गप्पा सुरू झाल्या, उतरण्याआधी त्यानं नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. साहेब त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून वाचत बसला असता तर आज आमच्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी गाणी नसती. हे आठवलं की शेजाऱ्यानं "काय वाचताय?" म्हटल्यावर कपाळाला आठी घालायचीही चोरी.

सध्या मात्र वेगळीच अडचण झालीये. मागच्या महिन्यात मी रहस्यकथा वाचत होतो. शेजारी नेवाशाचे एक रिटायर्ड मास्तर, कव्हरवरचा सुरा बघून म्हणाले, "पास्टर असून खुनाची पुस्तकं?" म्हटलं सर, आमच्या शास्त्रात चौथ्याच अध्यायात खून आहे, सख्ख्या भावानं भावाचा केलेला, आणि तेव्हा पृथ्वीवर माणसंच इतकी कमी की संशयित शोधायलाही त्रास नाही. हे त्यांना फार आवडलं. मग म्हणाले, तुमच्या हातातली गोष्ट काय आहे, सुरुवातीपासून सांगा. सांगितली. नेवासा फाटा आला तेव्हा प्रेत सापडलं होतं, चार जणांवर संशय होता आणि मास्तरांचा माळ्यावर होता. त्यांनी नंबर घेतला.

आता दर रविवारी सकाळी, मी झगा चढवून संदेशाचे कागद जुळवत असतो तेव्हा बरोब्बर त्यांचा फोन. "पास्टर, माळीच ना?" मी सांगतो, सर अजून संपलं नाही, वाचायला वेळच मिळाला नाही.

"कमाल आहे," मास्तर म्हणतात, "मग आठवडाभर करता काय तुम्ही?"