"बसस्टॉपपर्यंत तरी धावला होतात का?" या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

(आपण नाव दिलेलं नाही म्हणून महोदय. महोदया असाल तर क्षमस्व.)

आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी ब्लॉगवर लिहिलं होतं की बर्फ पडल्यावर इथं अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिस शहराच्या तळ्यांभोवतीच्या वाटा जशा लवकर मोकळ्या होतात, तशा आमच्या उपनगरातल्या बागेतल्याही व्हाव्यात, म्हणजे जानेवारीत पळणाऱ्यांना गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागणार नाही. यावर आपलं म्हणणं असं: चार हौशी लोकांसाठी आमच्या करातून पहाटे गाडी कशाला फिरवायची, बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने तळी नासतात, माझा मिठाचा आकडा चुकलाय, आणि ट्रेडमिल नावाची वस्तू बाजारात मिळते. शेवटी हे वाक्य: "भारतात असताना बसस्टॉपपर्यंत तरी धावला होतात का? इथं आल्यावर सगळ्यांनाच मॅरेथॉन सुचते."

आकड्याचं आधी उरकतो. साधं मीठ उणे 15 सेल्सिअसपर्यंत बर्फ वितळवतं असं मी लिहिलं, ते चूक. ते 15 फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे 9 सेल्सिअस. त्याखाली मीठ नुसतं पडून राहतं. दुरुस्ती केली आहे, आभार. मात्र ही चूक दाखवताना "इंजिनिअर ना तुम्ही?" असं विचारायलाच हवं होतं का, ते आपलं आपण ठरवा.

आता बसस्टॉप.

मी कोल्हापूरचा. आमच्या गल्लीत तालीम होती आणि वस्ताद पहाटे साडेचारला पोरांना उठवून रंकाळ्यावर न्यायचे. कुस्तीत मी कच्चा, दोन मिनिटांत पाठ टेकायची. शेवटी वस्तादांनीच सांगून टाकलं, "तू नुसता पळ." मग मी पळत राहिलो. आधी अनवाणी, नंतर थोरल्या भावाच्या कॅनव्हासच्या बुटांत, पुढे कापूस कोंबून. निघायचो तेव्हा पाण्यातला संध्यामठ अंधारात दिसायचाही नाही, परत येताना दिसायचा. नववी ते बारावी, चार वर्षं. आणि बसस्टॉपचंच विचारताय तर रोज सकाळी बसच्या मागेही धावलोय, दप्तर एका खांद्यावर घेऊन. झालं समाधान?

नसेल झालं. कारण तुमचा प्रश्न पळण्याचा नव्हताच. "इथं आल्यावर" या दोन शब्दांत तुम्ही सगळं बसवलंत: परदेशात आले, पैसे आले, थेरं सुचली. मी इथं 19 वर्षं आहे. 2019च्या जानेवारीत पारा उणे 28 फॅरनहाइटला गेला, त्या आठवड्यात मी घरात बसून पिठलं-भात खाल्ला. थेरं करणाऱ्यांतला मी नाही, त्या थंडीत कुणी पळू नये असंच माझं मत आहे. माझं मागणं त्या दिवसांसाठी नव्हतंच. उणे 5 ते उणे 10 सेल्सिअसचे जे साधे दिवस असतात, त्यांच्यासाठी होतं, आणि तेही बर्फामुळे नव्हे. ताज्या बर्फात पाय रुततो, घसरत नाही. वाट बिघडते ती माणसं त्यावरून चालून गेल्यावर. बर्फ दबतो, रात्रीतून पावलांचे ठसे दगडासारखे होतात, आणि मग प्लाऊ (बर्फ लोटणारी गाडी) आला तरी त्याचं पातं वरून नुसतं खरडत जातं. म्हणून वेळ महत्त्वाची. दुपारी बाराच्या दोन फेऱ्यांपेक्षा पहाटेची एक बरी.

दुसरं म्हणजे काढलेला बर्फ कुठल्या बाजूला लोटायचा. चढाकडच्या बाजूला ढीग घातला की तो दुपारच्या उन्हात पाझरतो, पाणी वाटेवरून वाहतं आणि संध्याकाळी काचेसारखं गोठतं. खालचं डांबर स्वच्छ दिसतं, म्हणून याला ब्लॅक आइस म्हणतात. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अशाच एका वाटेवर माझा पाय गेला. डावं मनगट, एक प्लेट, सहा स्क्रू. वस्ताद म्हणायचे, वाट बघून पाय टाक. मी बघितली होती हो वाट! म्हणून "हौशी" हा शब्द वाचला तेव्हा तोच हात कीबोर्डवर होता, एवढंच सांगतो.

बाकीचे मुद्दे. कराचं म्हणाल तर मिनियापोलिसमध्ये बर्फ थांबल्यापासून 24 तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ करणं घरमालकावर बंधनकारक आहे. माणसाला लावता तो नियम बागेला लावला तर आकाश कोसळत नाही. शिवाय तिथल्या बागा सिटी कौन्सिलच्या नाहीतच, 1883 पासून त्यांचं वेगळं, लोकांनी निवडलेलं पार्क बोर्ड आहे. तेव्हा "कौन्सिलला पत्र लिहा, ब्लॉग नको" हा सल्ला देण्याआधी थोडं वाचलं असतंत तर बरं झालं असतं. चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं बिघडवतं, हे मिनेसोटात शाळेतलं पोरही सांगेल. ते मला शिकवू नका. बर्फ वेळेत निघाला की मीठ कमी लागतं, उतारावर वाळू टाकता येते. यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.

ट्रेडमिल आहे. तळघरात. त्यावर कपडे वाळतात.

येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिघं-चौघं मिनियापोलिसच्या बडे मका स्का तळ्याला चक्कर मारणार आहोत, साधारण तीन मैल. या. बुटांवर चढवायचे स्पाइक्स माझ्याकडे एक जोड जास्त आहेत, बुटाचा नंबर कळवा. सोबत नावही कळवलंत तर हाक मारायला सोपं जाईल.