डेल्टा आधीच शोधून ठेवणं ही फसवणूक नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, नुसतं ‘एक वाचक’, म्हणून मीही तुम्हाला वाचकच म्हणतो. क्ष-वर्ग आणि वर्गमूळ ही फंक्शनं कंटिन्युअस, म्हणजे कुठे न तुटता सलग, आहेत हे एप्सिलॉन-डेल्टानं (ते काय ते खाली सांगतो) कसं सिद्ध करायचं यावर मी लिहिलं होतं, त्याखाली परवा रात्री पावणेबाराला तुमची प्रतिक्रिया आली. ती मी तेव्हाच वाचली आणि खोटं कशाला सांगू, लागली मला. उत्तर द्यायला दोन दिवस घेतले ते राग थोडा उतरावा म्हणून, पूर्ण उतरलेला नाही.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो. वर्गमूळाची सिद्धता शून्यापाशी चुकलीय, त्यावरून ‘लेखकाचं बेसिकच कच्चं आहे’. बारावीला एप्सिलॉन-डेल्टा येतच नाही तर पोरांना घाबरवता कशाला. कंटिन्युअस फंक्शनांची बेरीज-गुणाकार कंटिन्युअस असतात या प्रमेयानं क्ष-वर्ग एका ओळीत होतो. पेन न उचलता ग्राफ काढता आला की झालं, तुम्हाला असंच शिकवलं आणि तुम्ही इंजिनिअर झालात, पूल बांधायला डेल्टा लागत नाही. आणि मधोमध हे वाक्य, जसंच्या तसं देतो : ‘आधी गुपचूप उत्तर काढून ठेवायचं आणि मग डेल्टा इतका घेऊ म्हणून पोरांसमोर जादू करायची ही सिद्धता नव्हे, फसवणूक आहे.’

पहिल्यांदा तुमचं बरोबर आहे ते. वर्गमूळासाठी अ या बिंदूपाशी मी डेल्टा म्हणजे एप्सिलॉन गुणिले √अ असा घेतला होता, तो अ शून्यापेक्षा मोठा असेल तेव्हाच चालतो. अ शून्य असेल तर डेल्टाच शून्य होतो आणि डेल्टा तर धन पाहिजे. शून्यापाशी डेल्टा म्हणजे एप्सिलॉनचा वर्ग घ्यायचा, की काम झालं. दुरुस्ती केलीय, खाली तुमचे आभारही मानलेत. पण एक केस लिहायची राहिली म्हणून तेहतीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाचं बेसिक कच्चं? हे जरा वाचून बघा परत, घरी वडीलधाऱ्या कुणाशी बोलताना वापराल का अशी भाषा.

आता ते ‘फसवणूक’. बाकीचं मी सोडलं असतं, हे नाही सोडणार.

एप्सिलॉन-डेल्टा म्हणजे एक आव्हान आहे. क्ष-वर्ग घ्या, क्ष ३ असेल तर उत्तर ९. तुम्ही मला सांगता की उत्तर ९ पासून इतक्यापेक्षा जास्त हलता कामा नये, तो ‘इतक्या’ म्हणजे एप्सिलॉन. मी तुम्हाला सांगायचं की मग क्ष-ला ३ पासून इतक्याच्या आत ठेवा, तो माझा डेल्टा. तुम्ही कितीही बारीक एप्सिलॉन दिलात तरी मला डेल्टा देता आला पाहिजे, तर क्ष-वर्ग ३ पाशी कंटिन्युअस. (मोबाईलवर टाईप करतोय, एक्सच्या जागी क्ष लिहितोय, समजून घ्या.)

तर डेल्टा कुठून आणायचा? क्ष² − ९ म्हणजे (क्ष − ३) गुणिले (क्ष + ३). पहिला कंस आपल्या हातात आहे, तो डेल्टापेक्षा लहान ठेवणार आहोत. दुसरा कंस हातात नाही, तो पळतो. म्हणून त्याला आधी बांधून घालायचं, म्हणायचं की बाबा क्ष ३ पासून १ च्या आतच राहील, म्हणजे २ आणि ४ च्या मध्ये, म्हणजे क्ष + ३ कधीच ७ च्या वर जाणार नाही. मग सगळं मिळून ७ गुणिले डेल्टाच्या आत राहतं, ते एप्सिलॉनच्या आत पाहिजे, तर डेल्टा एप्सिलॉन भागिले ७ घ्या, आणि तो १ ची अट मोडत नाही ना एवढं बघा. दोघांपैकी जो लहान तो डेल्टा. कच्चं काम हेच, आणि ते माझ्या लेखात होतं, मधल्या भागात, सिद्धतेच्या वरच. तुम्ही तिथपर्यंत न थांबता थेट खालची सिद्धता वाचलीत असं मला वाटतं.

कच्चं काम शेवटाकडून सुरुवातीकडे चालतं आणि पक्की सिद्धता सुरुवातीकडून शेवटाकडे. पक्क्यात ‘डेल्टा इतका घेऊ’ असं पहिल्या ओळीत येतं कारण तिथे दाखवायचं असतं ते एवढंच की हा डेल्टा चालतो, तो कसा सापडला हे नव्हे. शिंपी आधी माप घेतो, मग कापड कापतो, आणि गिऱ्हाईकाच्या हातात पडतो तो शिवलेला सदरा. म्हणून काय त्यानं फसवलं?

आणि तो १ शोभेला नाही हे पण बघा. एप्सिलॉन १० दिला आणि मी १ ची अट विसरून नुसता १० भागिले ७ म्हणजे १.४२ च्या थोडा वर डेल्टा घेतला, तर क्ष ४.४२ चालायला हवा. ४.४२ चा वर्ग १९.५३६४, त्यातून ९ गेले की १०.५३६४. गेलो की बाहेर! कॅलक्युलेटर घ्या आणि स्वतः बघा. जादूगाराच्या हातातली वस्तू तपासायला मिळत नाही, इथे प्रत्येक आकडा तुमच्यासमोर आहे.

हे मी इतकं तळतळून का लिहितोय ते सांगतो, कारण तुम्ही म्हणता ती फसवणूक खरंच असते आणि माझ्याबरोबर झालीय. १९८७ साल, बीएस्सीचं पहिलं वर्ष, कॉलेजचं नाव नको. सरांनी फळ्यावर हीच सिद्धता लिहिली, ३ पाशी, कच्चं काम शून्य, सरळ ‘डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांतला लहान’. मी उभं राहून विचारलं की सर ७ कुठला. ते म्हणाले परीक्षेत असंच लिहायचं, बस खाली. वर्ग हसला. मी ते ७ पाठ केले, आजीनं रामरक्षा पाठ करावी तसे. परीक्षेत ३ च्या ऐवजी ५ आले आणि मी ५ पाशी पण ७ लिहिले. तिथे क्ष + ५ जातं ११ पर्यंत, म्हणजे ११ पाहिजेत. एप्सिलॉन ०.१ असेल तर ७ नं भागून डेल्टा येतो ०.०१४ च्या किंचित वर, ५.०१४ चा वर्ग २५.१४, म्हणजे ०.१४ नं चुकला. सहापैकी शून्य मार्क. घरी म्हापशाला बसनं येताना तो पेपर दप्तरात घडी घालून ठेवला होता, वडलांना दाखवला नाही. त्या सुट्टीत मी एकट्यानं बसून ११ कुठून येतात ते शोधून काढलं आणि त्या दिवसापासून आजपर्यंत कुठल्याही मुलाला मी कच्च्या कामाशिवाय डेल्टा दिलेला नाही, एकालाही नाही. आणि तुम्ही मलाच फसवणारा म्हणता?

यंदा गणेश चवथीच्या आधीची गोष्ट. माझ्याकडे सत्तरी तालुक्यातून एक मुलगी येते, बारावीची, दोन बस बदलून. पाऊस धो धो, करंट गेलेला, सोप्यावर उजेड होता तिथे आम्ही बसलो. तिनं ग्राफपेपरवर क्ष-वर्ग काढला, ९ च्या वर-खाली पट्टीनं दोन आडव्या रेघा मारल्या, मग ३ च्या दोन्ही बाजूंना उभ्या. उभ्या रेघा आत सरकवत होती, खोडत होती, कागद तिथे पार पातळ झाला. मग म्हणाली, ‘सर, हो सात खंयसून आयलो?’ म्हणजे हा सात कुठून आला. मी सांगितलं नाही. म्हटलं क्ष + ३ जास्तीत जास्त किती होतो ते तू ठरव. ती म्हणाली मी १ कशाला घेऊ, अर्धा घेते. मग क्ष २.५ ते ३.५, क्ष + ३ साडेसहाच्या आत, आणि तिचा डेल्टा आला अर्धा आणि एप्सिलॉन भागिले साडेसहा यांतला लहान. माझ्यापेक्षा वेगळा आणि शंभर टक्के बरोबर! मला सांगा, पाठ केलेल्या जादूत दोघांची दोन वेगळी उत्तरं बरोबर येतात का? पोरगी घाबरली पण नाही. घाबरतात ती ज्यांना ७ कुठून आले ते कुणी सांगितलं नाही ती.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. बारावीला येत नाही, हो, माहीत आहे, आमच्या गोवा बोर्डाला एनसीईआरटीचीच पुस्तकं आहेत आणि त्यात कंटिन्युइटीची व्याख्या लिमिटवरनंच दिलीय. मी बोर्डाचं गाईड लिहीत नाही, ज्याला पुढे गणित करायचंय त्याच्यासाठी लिहितो, ते लेखाच्या पहिल्या ओळीत होतं. बेरीज-गुणाकाराचं प्रमेय जरूर वापरा, मीही वापरतो, पण ते प्रमेय सिद्ध करताना काय करतात? एकाला एप्सिलॉनचा अर्धा, दुसऱ्याला अर्धा, दोन डेल्टांतला लहान घ्यायचा. गुणाकाराला तर याहून जास्त खटाटोप. म्हणजे डेल्टा आहेच, दुसऱ्या कुणीतरी तुमच्यासाठी शोधून ठेवलेला.

पेन न उचलण्याचं मात्र बोलायला हवं. एनसीईआरटीच्या पुस्तकातही ते आहे, पण भोळेपणानं बघितलं तर असं म्हणून, आणि त्याच धड्यात पुढे १ भागिले क्ष येतं. शून्यापाशी ते अस्तित्वातच नाही, ग्राफ काढताना पेन उचलावंच लागतं, तरी जिथे जिथे ते आहे तिथे सगळीकडे कंटिन्युअस. म्हणजे पेन हरलं. १८७५ मध्ये थोमे या जर्मन गणितज्ञानं दिलेलं फंक्शन घ्या. क्ष अपरिमेय असेल तर उत्तर ०, परिमेय असेल तर अतिसंक्षिप्त रूपातला छेद घेऊन १ भागिले तो छेद. प्रत्येक अपरिमेय बिंदूपाशी कंटिन्युअस आणि प्रत्येक परिमेय बिंदूपाशी तुटलेलं. कुठलं पेन घेणार याला? आणि नजरेवर, अंदाजावर विसंबून मोठमोठी माणसं चुकलीत. फ्रेंच गणितज्ञ कोशीनं १८२१ च्या पुस्तकात लिहिलं की कंटिन्युअस फंक्शनांच्या अभिसारी मालिकेची (पदं मिळवत गेलं की जिची बेरीज एका ठरावीक उत्तराकडे जाते ती) बेरीज पण कंटिन्युअसच असते. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेलनं दाखवून दिलं की याला अपवाद आहेत. आबेल तेव्हा पंचविशीच्या आतला. मालिकेची किती पदं घेतली की पुरतात हे नुसतं एप्सिलॉनवर अवलंबून आहे की कुठल्या बिंदूपाशी उभे आहोत त्यावर पण, हे काटेकोर बघितल्याशिवाय तो घोळ सुटत नाही. डेल्टाबाबतही हाच प्रश्न येतो, आपल्या क्ष-वर्गातच बघा, एप्सिलॉन ०.१ असताना ३ पाशी डेल्टा ०.०१४ चालतो, १०० पाशी ०.०००५ पण चालत नाही.

आणि पूल. गोव्यात बसून पुलाचं उदाहरण देताना जरा विचार करायचा होता तुम्ही. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला तेव्हा मी बारावीत होतो. त्यानंतर पणजीला जायचं म्हणजे बेतीला फेरीबोटीच्या रांगेत उभं राहायचं, पावसात, छत्री उलटी होते अशा वाऱ्यात, आणि समोर पाण्यात तो तुटलेला पूल. वरून सलग दिसणं आणि सलग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या वयाच्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही इंजिनिअर आहात, तुमच्या कामाचा मला आदर आहे, पण तुमच्या गणितात कुणीतरी आधी हे सगळं तपासून ठेवलंय म्हणून तुम्हाला डेल्टा लागत नाही. लागत नाही म्हणजे नकोच असं नव्हे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी नाव लिहा, मग ‘अहो’ म्हणून बोलू, भांडू सुद्धा. तोवर एक करा, १ भागिले क्ष हे २ पाशी कंटिन्युअस आहे हे सिद्ध करून इथेच लिहा, कच्च्या कामासकट. क्ष-ला २ पासून १ च्या आत बांधलंत तर जमेल, २ च्या आत बांधायला गेलात तर छेद शून्याकडे सरकेल आणि हातातून निसटेल, ते का ते पण लिहा. माझा डेल्टा १ आणि दोन एप्सिलॉन यांतला लहान असा आला. तुमचा काय येतो बघू.