आदर देण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

मायकल जॅक्सनला गंभीर कलावंत मानावे की नाही, हा प्रश्न पुण्यात राहणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा तरी विचारला जातोच, आणि तो बहुधा सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपाबाहेर, हातात गरम चहाचा कप असताना विचारला जातो. अशा वेळी चाचरणे शोभत नाही. म्हणून उत्तर आधीच तयार ठेवावे, आणि ते तयार करताना त्याचे गाणे ऐकण्याच्या भानगडीत पडू नये. ऐकल्याने मत गढूळ होते. ज्यांनी त्याला मन लावून ऐकले, ते अजूनही ‘तसे पाहिले तर’ आणि ‘एका अर्थी’ असे अडखळत बोलतात. ज्यांनी ऐकले नाही, त्यांचे मत मात्र १९८० च्या दशकापासून जागचे हललेले नाही.

सर्वप्रथम शिक्षणाचा मुद्दा काढावा. जॅक्सनला स्वरलेखन येत नसे. गाणे सुचले की तो त्यातला बास (म्हणजे खालच्या सुरांची साथ), तालवाद्यांचे बोल आणि साथीच्या आवाजांचा एकेक सूर तोंडाने काढून टेपरेकॉर्डरवर घ्यायचा आणि पुढे वादकांना तेच ऐकवायचा. याला आपण अडाणीपणा म्हणावे. आपल्याकडचे थोर खाँसाहेबसुद्धा कागदावर एक अक्षर न लिहिता शिकले आणि शिकवते झाले, असे समोरच्याने काढलेच, तर ती मौखिक परंपरा होय, असे शांतपणे सांगावे. दोहोंत फरक काय, असे त्याने पुढे विचारल्यास घड्याळाकडे पाहून आपली बस असल्याचे सांगावे.

मेहनतीच्या मुद्द्यावर अधिक सावध राहावे लागते, कारण तेथे माहिती आपल्या विरुद्ध जाते. ‘थ्रिलर’ हा १९८२ चा अल्बम, आणि त्यातले ‘बिली जीन’ हे गाणे. त्याचे ध्वनिमिश्रण ९१ वेळा केले आणि अखेरीस घेतले ते दुसऱ्या खेपेचे, असे ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिअन सांगत असत. नव्वद साड्या उलगडून शेवटी दुसरीच बांधून घेणे हे लक्ष्मी रस्त्यावर रोज पाहणाऱ्या शहराला या गोष्टीविषयी आपुलकी वाटण्याचा धोका असतो. तो ओळखून ‘सगळी यंत्राची करामत’ असे लगेच म्हणून टाकावे. त्याच गाण्यात आवाज लागण्यापूर्वी जवळपास अर्धा मिनिट नुसता ताल आणि बास चालतो. निर्माते क्विन्सी जोन्स यांना ही सुरुवात लांबलेली वाटली होती आणि जॅक्सनने ती कापू दिली नाही, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीच ऐकून नाचावेसे वाटायचे. आपल्याकडे बंदिशीआधी आलापी रंगली, तर तिला आपण संयम म्हणतो. जॅक्सनच्या अर्ध्या मिनिटाला वेळकाढूपणा म्हणावे.

नाचाबद्दल फार बोलू नये. पावले पुढे टाकल्यासारखी दाखवत मागे सरकण्याची त्याची प्रसिद्ध चाल १९८३ साली अमेरिकेतल्या घराघरांत दूरचित्रवाणीवर दिसली. पण त्याच्या कितीतरी आधी दुसरे नर्तक ती करत होते, म्हणून तिला चोरी म्हणता येते. आजोबांची तान नातवाने जशीच्या तशी घेतली तर ती तालीम असते, हे वेगळे सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत पुढे झुकण्यासाठी त्याने दोन सहकाऱ्यांसह एक बूट तयार केला. रंगमंचातून वर येणाऱ्या खुंटीत त्या बुटाच्या टाचेची खाच अडकत असे, आणि १९९३ साली त्याचे पेटंटही मिळाले. ही सर्कस झाली. तबलजी आणि सतारिये तिहाईवर तिहाई मारून टाळ्या वसूल करतात, तिला तयारी म्हणतात.

आता एक भौगोलिक सूचना. हा वाद जंगली महाराज रस्त्यावर, विशेषतः बालगंधर्व रंगमंदिराच्या पायऱ्यांवर बसून घालू नये. त्या वास्तूला ज्यांचे नाव आहे, ते पुरुष असून शालू नेसून रंगमंचावर येत, आणि त्यांनी काय नेसले, कसे नेसले याची नक्कल घरंदाज बायका करत असत. त्यांच्या एका पदाला पुन:पुन्हा वन्समोअर पडत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. खर्चाला हात आखडता नसल्याने कंपनी कर्जात बुडाली. पुढे गायिका गोहरबाई त्यांच्या आयुष्यात आल्या, तेव्हा नारायणरावांचे, म्हणजे बालगंधर्वांचे, गाणे सोडून बाकी सगळ्यावर बोलायला लोकांना सवड मिळाली. १९६७ साली ते गेले आणि १९६८ साली रंगमंदिर उभे राहिले. यातून आदराचे वेळापत्रक काय असते ते शिकून घ्यावे, मात्र मोठ्याने बोलून दाखवू नये. चेहऱ्याला रंग, बायकी नखरा, उधळपट्टी, लोकांचे वेड आणि खासगी आयुष्याची चव्हाट्यावरची चर्चा ही जॅक्सनविरुद्धची यादी त्या पायऱ्यांवर वाचू लागल्यास ऐकणाऱ्याचे लक्ष उगीच मागच्या पाटीकडे जाते.

अर्थात बालगंधर्वांवर कोणाला इजा केल्याचा आरोप नव्हता, आणि हा फरक लहान नाही. म्हणूनच तो फार काळजीपूर्वक, म्हणजे सोयीप्रमाणे, वापरावा. जॅक्सनवर १९९३ साली एका मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप झाला, पुढच्या वर्षी ते प्रकरण न्यायालयाबाहेर पैसे देऊन मिटवले गेले. दुसऱ्या एका मुलाच्या खटल्यात २००५ साली ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून मुक्त केले. २००९ साली तो वारला, आणि २०१९ साली दोन पुरुषांनी आपल्या बालपणी त्याने काय केले ते एका माहितीपटात सांगितले. आपल्याला जॅक्सन आवडत नसेल तर २०१९ हे साल पाठ करावे, आवडत असेल तर २००५. दोन्ही साले पाठ असलेला मनुष्य मला अजून भेटलेला नाही. यातले त्रैराशिक सोपे आहे: आरोप खरे असतील तर बास वाईट, आणि बास चांगला असेल तर आरोप खोटे. गाणे उत्तम आहे आणि तरीही त्या दोघांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले पाहिजे, असे म्हणणारा माणूस दोन्ही कंपूंतून बाहेर जातो, चहाही त्याला स्वतःच्याच पैशाने प्यावा लागतो.

कोणी १९९६ चा विषय काढल्यास सरकारकडे बोट दाखवावे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला जॅक्सनचा कार्यक्रम मुंबईत अंधेरीला झाला, आणि त्यावरचा करमणूक कर माफ करावा की नाही हा वाद उच्च न्यायालयातून फिरत २०२१ साली पुन्हा राज्य मंत्रिमंडळापुढे आला. त्याच्या कलेवर महाराष्ट्रात इतकी दीर्घ आणि कागदोपत्री चर्चा दुसऱ्या कोणी केलेली नाही. त्या दिवशी पुण्याहून गेलेली मंडळी आज आपण समाजशास्त्रीय निरीक्षणासाठी गेलो होतो असे सांगतात. त्यांना हटकू नये.

शेवटची काळजी पायांची. आमच्या इमारतीत एक वृद्ध गृहस्थ आहेत, चाळीस वर्षे त्यांनी गायकांना पेटीची साथ केली. म्हणजे ज्या वाद्याला आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके आत घेतले नव्हते, त्या वाद्याची. जॅक्सन म्हणजे गोंगाट, हे त्यांचे मत सर्वश्रुत आहे. गेल्या महिन्यात नातवाने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि ‘बिली जीन’ लावले. आजोबांनी डोळे मिटले, चेहरा शिक्षा भोगणाऱ्यासारखा ठेवला, पण लोकरी मोज्यातला उजवा अंगठा समेवर खाली जाऊ लागला. मध्येच हात वर करून त्यांनी गाणे थांबवायला लावले आणि विचारले, “काय रे, ओळ संपताना तो उचकी दिल्यासारखा श्वास घेतो, तो मुद्दाम तालात घेतो का?” नातू हो म्हणाला. आजोबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “परत लाव. पण आवाज जरा कमी ठेव, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल.” हेडफोन त्यांच्या कानांवरच होते.